पूर ओसरल्यावर मनाचं काय करायचं? सावरण्याचं काम, टप्प्याटप्प्यानं

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्याच दिवशी महाडजवळच्या तळियेवर डोंगर कोसळला. बाजारातला चिखल उपसला गेला, शटरला नवा रंग लागला, दिवाळीला दुकानं पुन्हा उघडली. पण पावसाचा जोर वाढला की रात्री दोनला उठून पाणी किती चढलंय ते बघायला बाहेर पडणारा माणूस पूर पाहिलेल्या कुठल्याही गावात अजून सापडेल. माळीण (२०१४), सांगली-कोल्हापूरचा महापूर (२०१९), इर्शाळवाडी (२०२३): गावं बदलतात, रात्री तशाच असतात.

अशा घटनेतून वाचलेल्या मोठ्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. पूर, दरड, भूकंप यांच्याभोवती तो लिहिला असला, तरी मोठा अपघात, आग किंवा डोळ्यांसमोर झालेला मृत्यू यांनाही बराचसा लागू पडेल.

माझ्या दृष्टीनं सगळ्याचं सार इतकंच आहे: पहिला महिना उकरू नका, त्यानंतर टाळू नका. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. पहिल्या आठवड्यात येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘काय झालं, कसं झालं, तू कुठे होतास’ विचारून सगळं पुन्हा पुन्हा वदवून घेतो. सहा महिन्यांनी त्याच माणसाला बोलावंसं वाटलं की घरातले म्हणतात, ‘जाऊ दे रे, आता कशाला ते?’

आधी अंदाज घ्या: काय साहजिक आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातली सुमारे ७० टक्के माणसं आयुष्यात कधी ना कधी आघातकारक म्हणता येईल अशा प्रसंगातून जातात. त्यांतल्या ५.६ टक्के लोकांना पुढे पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा ताणविकार होतो. याचा अर्थ बहुतेक माणसं सावरतात आणि तीही आपल्या नेहमीच्या माणसांत, नेहमीच्या कामांत राहून. जॉर्ज बोनॅनो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं २००४ साली हेच ठासून मांडलं: आघातानंतर माणूस बऱ्यापैकी स्थिर राहणं हा अपवाद नाही, तोच सर्वांत जास्त दिसणारा प्रकार आहे.

स्थिर राहणं म्हणजे काही न होणं नव्हे. पहिल्या दोन-चार आठवड्यांत झोप उडते, भांडं पडलं तरी दचकायला होतं, तोंडाला चव राहत नाही, एकच दृश्य डोळ्यांसमोर फिरत राहतं. काही जण सारखे रडतात, काहींना रडूच येत नाही. काही जण तर कमालीचे शांत राहून सगळ्यांचं जेवणखाण बघत असतात आणि गाव म्हणतं, ‘बघा, कसा खंबीर आहे.’ यातलं काहीही पहिल्या महिन्यात दिसलं म्हणून कुणाला आजारी ठरवू नका, किंवा पक्का सावरलेलाही ठरवू नका.

‘खंबीर’ या कौतुकाचा मला थोडा रागच आहे. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी माणसं पुन्हा त्याच गाड्यांत चढली, तेव्हा शहराच्या जिद्दीचे गोडवे गायले गेले. रजा मांडली की पगार कापला जातो, हे त्या जिद्दीतलं मोठं कारण होतं. कामावर गेलेला माणूस सावरलेला असतोच असं नाही.

पहिले तीन दिवस: कोरडे कपडे, चष्मा, बीपीची गोळी

या दिवसांत मनाला हात घालायचाच नाही. २०११ साली आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘मानसिक प्रथमोपचार’ मार्गदर्शिकेत तीनच कामं सांगितली आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. कोणाला काय हवंय ते पाहायचं, तो स्वतःहून बोलेल तेवढं ऐकायचं आणि हवी ती मदत जिथे मिळेल तिथे त्याला पोचवायचं. यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. शाळेत उभारलेल्या निवारा केंद्रातला स्वयंसेवक हे करू शकतो, शेजारची वहिनीही करू शकते.

तिथे उपयोगी पडणारे प्रश्न अगदी साधे आहेत. ‘काकू, जेवलात का?’ ‘चष्मा राहिला का घरात?’ ‘शुगरच्या गोळ्या वाहून गेल्या का? नाव आठवत नसेल तर रंग सांगा, आरोग्य केंद्रात विचारतो.’ ‘कोणाला फोन लावायचाय?’ मदत वाटणारे बिस्किटं आणि ब्लँकेटं आणतात. चष्मा, कवळी, सॅनिटरी पॅड आणि फोनचा चार्जर कोणाच्या ध्यानात येत नाही. चष्मा नसलेल्या माणसाला अनोळखी ठिकाणी काय वाटत असेल, विचार करा. त्याला आजूबाजूचा धोका संपलाय हे दिसतच नाही.

घरातली माणसं शक्यतो एकत्र ठेवा. कोण कुठे आहे याची खात्रीची बातमी मिळेपर्यंत दुसरं काही सुचत नाही, त्यामुळे आधी ती मिळवून द्या. नक्की माहीत नसेल तर ‘सगळं ठीक होईल’ म्हणू नका. ‘मलाही माहीत नाही, सातला तलाठी येणार आहेत, तेव्हा विचारू’ असं म्हणा. ‘नशीब समज, तू तरी वाचलास’, ‘देवाची इच्छा’, ‘दुसऱ्यांचं बघ, तुझं काय गेलंय?’ ही तीन वाक्यं तर घरीच ठेवून या.

पहिला महिना: झोप, पोट आणि कागद

सर्वांत आधी झोप. ती लागली की निम्मी कामं सोपी होतात. सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवा, रात्र कशीही गेलेली असो. दुपारनंतर चहा बंद. ज्यांच्या घरी पाहुण्यांची रीघ लागलेली असते, तिथे दिवसाला सात-आठ कप सहज होतात आणि रात्री डोळा का लागत नाही हे कळत नाही. अंथरुणावर वीस-पंचवीस मिनिटं नुसतं तळमळायला झालं, तर उठून बाहेरच्या खोलीत बसा, मंद दिव्यात काहीतरी हातकाम करा (लसूण सोला, कपडे घड्या करा), पेंग आली की परत जा. पडून राहून छताकडे पाहिलं की अंथरुणाचीच धास्ती बसते. अंधारात झोप येत नसेल तर लाईट चालू ठेवा, त्यात लाज कसली? घरात कोणी तरी जागं आहे हे कळलं तरी पुष्कळांना झोप लागते, म्हणून मोठ्या कुटुंबांनी पाळीपाळीनं जागायला हरकत नाही.

दारूनं पहिला तासभर डोळा लागतो, मग पहाटे तीनला छाती धडधडत जाग येते. झोपेचा उत्तरार्ध तिनं विस्कटतो. ‘दोन घोट घे, बरं वाटेल’ म्हणणारा मित्र मनानं चांगला असेल, पण त्याच्याकडे दुसरं काम सोपवा.

गोळ्यांचंही तेच. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा शांत करणाऱ्या गोळ्या शेजाऱ्याकडून किंवा ओळखीच्या केमिस्टकडून घेऊन सुरू करणं आपल्याकडे सर्रास चालतं. घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात केवळ धसक्यासाठी मोठ्यांना या गटातल्या गोळ्या देऊ नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ ची स्पष्ट शिफारस आहे. सवय लागते आणि आघातातून बाहेर यायला मदत होत नाही. मात्र आधीपासून, डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालू असलेली गोळी एकदम बंद करायची नाही. ती पुरात वाहून गेली असेल तर लगेच सांगा.

व्हिडिओ बघणं थांबवा. हे मी विनंती म्हणून नाही, औषधासारखं सांगतोय. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की, त्या आठवड्यात रोज सहा किंवा जास्त तास बातम्या आणि व्हिडिओ पाहणाऱ्या लोकांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही अधिक होती. आपल्या ग्रुपवर तर पुराच्या क्लिप दिवसभर फिरत असतात, त्यांतल्या निम्म्या दुसऱ्याच गावच्या आणि दुसऱ्याच वर्षीच्या. ऑटो-डाउनलोड बंद करा, ग्रुप महिनाभर म्यूट करा, हवामानाचा अंदाज दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी बघा.

आता उकरण्याविषयी. घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोल बसवून ‘मन मोकळं करा, सगळं सांगा’ असं एकदाच बैठक घेऊन करण्याची पद्धत एकेकाळी जगभर होती. तिनं पुढचा ताणविकार टळत नाही आणि काहींचा त्रास उलट वाढतो, हे चाचण्यांतून पुढे आलं. म्हणून कोणी शिबिर घेऊन ‘रडा, रडलं की हलकं वाटतं’ म्हणत सक्ती करत असेल, तर खुशाल उठून बाहेर या. स्वतःहून बोलावंसं वाटलं तर जरूर बोला. एकाच माणसाशी, हवं तितकंच. फरक सक्तीचा आहे.

उरलं कागदांचं काम. पंचनामा, नुकसानीचा अर्ज, वाहून गेलेलं रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, पीकविम्याची मुदत. हे मानसिक आरोग्याच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण मोठ्या आपत्तीनंतर माणसांना काय सावरतं यावर २००७ साली तज्ज्ञांनी एकमतानं पाच गोष्टी मांडल्या: सुरक्षितता, शांतपणा, ‘मला आणि आम्हाला काही करता येतं’ ही जाणीव, माणसांशी जोडलेपण आणि आशा. तिसरी गोष्ट भाषणानं येत नाही, हातून काम पुरं झालं की येते. दिवसाला एकच कागद घ्या. वहीत तारीख, कुठल्या कार्यालयात गेलो, कोण भेटलं, काय म्हणालं, पुन्हा कधी बोलावलं, एवढं लिहा. या काळात स्मरणशक्ती दगा देते आणि ‘तुम्ही हे दिलंच नाही’ असं टेबलापलीकडून ऐकलं की माणूस कोसळतो. वही असली की कोसळत नाही. एकट्यानं जाऊ नका.

दृश्य अंगावर आलं तर त्याच मिनिटाला काय करायचं

पावसाचा पत्र्यावरचा आवाज, ओल्या चिखलाचा वास, डिझेलचा वास, रात्री वाजलेला फोन. यातलं काहीही पुरेसं असतं. क्षणात माणूस त्या रात्रीत जाऊन पोचतो. अशा वेळी ‘विचार करू नकोस’ हा सल्ला फुकट आहे. शरीराकडून सुरुवात करा.

दोन्ही तळपाय जमिनीवर घट्ट दाबा. डोळे उघडे ठेवा. आज कोणता वार, कोणतं वर्ष, मी कुठल्या खोलीत आहे हे मोठ्यानं म्हणा: ‘आज मंगळवार आहे, मी ताईच्या घरी दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली रस्ता कोरडा आहे.’ मग दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्या, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. खिशात लवंग किंवा आल्याचा तुकडा ठेवणं यासाठीच सोयीचं, तिखट चव ताबडतोब वर्तमानात आणते. त्यानंतर श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाचेक मिनिटं. बाहेर जाणारा श्वास लांबवला की हृदयाची गती उतरते. हे सगळं बरं असताना रोज एकदा करून ठेवा. ऐन वेळी पहिल्यांदा करायला गेलं तर पाठ न केलेल्या स्तोत्रासारखं अर्ध्यावर अडतं.

घरच्यांनी अशा वेळी मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नये. समोर यावं, नाव घेऊन हाक मारावी, मग विचारून हात धरावा.

महिना झाला: स्वतःला पाच प्रश्न

महिनाभरानंतर एक दिवस शांतपणे बसून पाहा. गेल्या महिन्यात त्या घटनेची स्वप्नं पडली का, किंवा नको असताना तेच विचार आले का? ती आठवू नये म्हणून जागा, माणसं, विषय टाळावे लागले का? सतत सावध राहणं, दचकणं चालू आहे का? माणसांपासून, आवडीच्या कामांपासून तुटल्यासारखं, बधिर वाटतं का? जे झालं त्याबद्दल स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देणं थांबतच नाही का? पाचांपैकी तीन किंवा अधिक उत्तरं ‘हो’ असतील, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटायची वेळ झाली. हे निदान नव्हे, पुढची तपासणी करून घ्यायचा इशारा आहे.

एक-दोन ‘हो’ असतील आणि महिन्यापूर्वीपेक्षा बरं असेल, तर पुढचे दोन भाग स्वतः करून पाहता येतील.

टाळणं: इथेच बहुतेक गाडी अडते

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा दगडी भिंती आणि जड माळवदाखाली माणसं झोपेतच दबली. वाचलेले पुढे कित्येक रात्री उघड्यावर झोपले आणि ते शहाणपणाचंच होतं; धक्के चालूच होते. पण नवं, मजबूत घर मिळाल्यावरही छताखाली पाठ टेकवत नसेल, तर आता ती खबरदारी उरलेली नाही. टाळल्यावर लगेच सुटल्यासारखं वाटतं. ते सुटणंच मनाला शिकवतं की, ‘बघ, गेलो नाही म्हणून वाचलो.’ भीती तिथल्या तिथे पोसली जाते.

यावरचा उपाय म्हणजे हळूहळू, पायरीपायरीनं परत जाणं. समजा, चिपळूणच्या बाजारपेठेत दुकान असलेले पंचेचाळिशीचे एक काका आहेत. पुरापासून ते नदीकडे जात नाहीत, पूल टाळायला लांबचा रस्ता घेतात, पाऊस लागला की दुकान बंद करून चढावरच्या बहिणीकडे जातात. त्यांनी आधी एका कागदावर टाळलेल्या सगळ्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे शून्य ते शंभर भीतीचे गुण द्यायचे. पुराच्या आधीचा नदीचा फोटो बघणं, २०. कोरड्या दिवसात मुलासोबत गाडीतून बहादूरशेख नाक्याचा पूल ओलांडणं, ३५. तोच पूल चालत, ५०. नदीकाठी अर्धा तास बसणं, ६०. दुकानात पाण्याची खूण जिथवर आली होती तिथे हात लावून उभं राहणं, ७०. साध्या पावसात दुकान उघडं ठेवून संध्याकाळपर्यंत गल्ल्यावर बसणं, ८५.

सुरुवात वीसच्या पायरीपासून. फोटो समोर ठेवायचा आणि छाती धडधडायला लागली तरी उठायचं नाही. भीती चढते, थोडा वेळ तिथेच राहते, मग उतरते. निम्मी उतरेपर्यंत थांबायचं. बहुतेकदा अर्धा-पाऊण तास लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला की ती पायरी झाली. मग पुढची. मुलगा बरोबर असला तर त्यानं ‘काही होत नाही हो बाबा’ असा धोशा लावू नये, नुसतं शेजारी राहावं आणि मध्येच गाडी वळवू नये. भीती शिगेला असताना परत फिरलं तर आदल्या दिवसापेक्षा वाईट अवस्था होते, म्हणून पायरी फार उंच वाटली तर तिच्या अलीकडे आणखी एक छोटी पायरी घाला.

दोन पथ्यं आहेत. जे खरोखर धोक्याचं आहे ते या यादीत घालायचं नाही. रेड अलर्ट असताना नदीकाठी बसणं हा उपचार नाही, मूर्खपणा आहे. इशारा आला तर काकांनी बहिणीकडे जायलाच हवं. आणि आघात अत्याचाराचा, मारहाणीचा असेल, किंवा आठवण येताच शुद्ध हरपल्यासारखं होत असेल, तर हे एकट्यानं करायचं नाही, तज्ज्ञांबरोबर करायचं.

लिहायची सवय असेल तर जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात मांडलेली रीत वापरून पाहा: सलग तीन-चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं, घटनेबद्दल आणि त्या वेळी काय वाटलं त्याबद्दल न थांबता लिहायचं, शुद्धलेखन बघायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. पहिल्या दिवशी उदास वाटतं, ते अपेक्षित आहे. चौथ्या दिवशीही वाढतच असेल तर थांबा.

‘मी तेव्हा असं केलं असतं तर’

वाचलेल्यांच्या मनात भीतीपेक्षा हे जास्त काळ राहतं. आईला आदल्या दिवशीच हलवलं असतं तर. हात घट्ट धरला असता तर. दावं सोडलं असतं तर गाय तरी पोहून गेली असती. यावर ‘तुझी काही चूक नाही’ म्हणून भागत नाही. समोरचा मान हलवतो आणि रात्री पुन्हा तेच सुरू होतं.

त्याऐवजी कागदावर उभी रेघ मारून दोन रकाने करा. डावीकडे वेळ, उजवीकडे ‘त्या वेळी मला नक्की काय माहीत होतं’. रात्री अकरा: पाऊस जोरात, पण दरवर्षी असतोच, कोणाचा फोन नाही. साडेबारा: गल्लीत घोट्याइतकं पाणी, मागच्या पुरात याहून वर आलं नव्हतं. दोन: वीज गेली. तीन: पायरीवर पाणी, आई म्हणाली मी नाही येत. असं पहाटेपर्यंत. नंतर कळलेलं काहीही उजवीकडे लिहायचं नाही, हा एकच नियम. वरून किती पाणी येत होतं हे सकाळी समजलं असेल, तर ते तीन वाजताच्या ओळीत येत नाही. पुरं झालं की एखाद्या समंजस माणसाला द्या आणि विचारा, एवढंच माहीत असताना तू काय केलं असतंस? आज आपण त्या रात्रीला निकालासकट बघतो आणि तेव्हाच्या स्वतःला तो निकाल माहीत होता असं धरून चालतो. दोन रकाने ही गल्लत डोळ्यांपुढे आणतात. कधी खरीच हयगय झालेली दिसते. मग तेवढीच, तिच्या खऱ्या मापाची कबुली द्यावी. अख्ख्या मृत्यूची जबाबदारी तिच्या नावावर जात नाही.

घरातलं माणूस गेलं असेल तर

दहावा, तेरावा यांचा एक मोठा फायदा असतो: माणसं येत राहतात, चूल दुसरं कोणी सांभाळतं, दिवसांना आकार राहतो. अडचण तेराव्यानंतर सुरू होते. घर एकदम रिकामं होतं. तुम्ही शेजारी किंवा नातेवाईक असाल तर पाचव्या आठवड्यात जा, तिसऱ्या महिन्यात जा. जाताना भाजी घेऊन जा, गेलेल्याचं नाव घ्या. नाव टाळल्यानं दुःख कमी होत नाही.

देहच मिळाला नाही तर दुःखाला धरायला काही उरत नाही. इर्शाळवाडीत शोधकार्य थांबवलं तेव्हा पन्नासहून जास्त माणसं बेपत्ताच होती. अशा कुटुंबांना ‘आता मान्य करा’ म्हणून घाई करू नका. आशा आणि शोक दोन्ही एकाच वेळी मनात असणं वेडेपणाचं नाही. क्रियाकर्म कधी करायचं, करायचं की नाही, हे त्यांना ठरवू द्या. घरात दोन मतं असली तरी चालतं. सहा महिने उलटूनही रोजचं साधं कामही होत नसेल, जगणं जणू त्या तारखेलाच थांबलं असेल, तर मात्र मदत घ्या.

डॉक्टरांकडे जायचं ठरलं तर

टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. गावात तज्ज्ञ नसले तरी जिल्हा रुग्णालयात मनोविकारांची ओपीडी असते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे केसपेपर काढणं म्हणजे वेडाचा शिक्का नव्हे. जाताना सध्याच्या सगळ्या गोळ्या, झोपेच्या वेळा लिहिलेला आठवड्याचा कागद आणि घरातलं एक माणूस बरोबर न्या. घटना पहिल्याच भेटीत सविस्तर सांगावी लागत नाही. ‘पुरात होतो, त्यानंतर झोप नाही, नदीकडे जाववत नाही’ एवढं पुरतं.

पीटीएसडीवर सर्वांत भक्कम पुरावा आघातावर केंद्रित समुपदेशनाचा आहे: आघात-केंद्रित सीबीटी (घटनेबद्दलचे विचार आणि टाळण्याची सवय हळूहळू बदलणारा उपचार) आणि ईएमडीआर (तज्ज्ञांसमोर ती आठवण मनात ठेवून डोळे ठरावीक रीतीनं हलवण्याचा उपचार). साधारण दर आठवड्याला एक, अशी आठ-बारा सत्रं लागतात, कधी जास्त. गोळ्यांत सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन यांसारखी औषधं देतात. परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात, त्यामुळे दहा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका.

यासाठी मात्र महिन्याची वाट बघायची नाही: मरणाचे विचार, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोलणं, सलग रात्री अजिबात झोप नसणं, भास होणं, मुलाबाळांकडेही लक्ष न राहणं, दारू दिवसाच सुरू होणं. त्या माणसाला एकटं सोडू नका, शेतातली कीटकनाशकं आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. तातडीचं असेल तर ११२. आत्महत्येचा प्रयत्न झालाच असेल तर ‘पोलीस केस होईल’ म्हणून दवाखाना टाळू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं.

पुढचा जून येतोय

वर्षाच्या आत बरं वाटायला लागतं आणि पहिल्या वळवाला पुन्हा झोप उडते. म्हणजे सगळं मूळ पदावर आलं असं नाही. पहिला पावसाळा आणि ती तारीख बहुतेकांना जड जाते, दोन-तीन आठवड्यांत उतरते. तयारी मे महिन्यातच करा. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, त्यांच्या प्रती डिजिलॉकरवर. गोळ्यांचा पंधरा दिवसांचा साठा आणि जास्तीचा चष्मा त्याच पिशवीत. पाणी कुठवर आलं की निघायचं, ती खूण भिंतीवर रंगानं काढून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांनी मान्य करा. मग रात्री दोनला उठून अंदाज बांधत बसावं लागत नाही, खूण बघितली की झोपता येतं. म्हाताऱ्या माणसाला कोण उचलणार हेही नावानिशी ठरवा.

त्या तारखेला कुठे असायचं, कोणाबरोबर, दुकान उघडायचं की नाही, हे आठवडाभर आधी ठरवून टाका. काहींना गावच्या श्रद्धांजलीला जाऊन बरं वाटतं, काहींना त्या दिवशी गावाबाहेर. वार्ताहरांचे फोन येतील, ‘वर्षपूर्तीनिमित्त दोन मिनिटं बोला’ म्हणतील. बोलायचं नसेल तर ‘नाही’ एवढंच सांगून फोन ठेवा, कारण द्यावं लागत नाही.